कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आलात? आधी प्रॅक्टिकलचा स्लॉट सांभाळा

दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नल (बाहेरच्या कॉलेजातल्या परीक्षक) मॅडमनी माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. स्क्रीनवर सी प्लस प्लसमधला फॅक्टोरियलचा (1 पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार) प्रोग्राम चालू होता. म्हणाल्या, "5 टाक." 120 आलं. "12 टाक." 479001600. "आता 13." स्क्रीनवर 1932053504 उमटलं आणि मी खूश.

"बरोबर आहे?"

"हो मॅडम."

"अरे, 12 च्या फॅक्टोरियलच्या शेवटी दोन शून्यं आहेत. त्याला 13 ने गुणलं, मग ती शून्यं गेली कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण प्रोग्राम माझा नव्हताच. बॅचमधल्या मित्राच्या पेनड्राइव्हवरून तो आदल्या रात्री माझ्या लॅपटॉपवर आला होता. खरं उत्तर 6227020800. साध्या इंट व्हेरिएबलमध्ये (पूर्णांक ठेवायच्या जागेत) जास्तीत जास्त 2147483647 मावतं. जुन्या स्कूटरचं मीटर 99999 नंतर पुन्हा शून्यावर यायचं ना, तसंच हे. आकडा फिरून भलतीकडेच थांबला, आणि उणे न येता अधिक आला म्हणून मला शंकाही आली नाही. पहिल्या वर्षी आम्हाला पायथन होतं. तिथे 13 काय, 100 चं 158 अंकी फॅक्टोरियलही बिनतक्रार येतं. म्हणून असलं काही असतं हे डोक्यातच नव्हतं.

पुढे लिहितोय ते सगळं या एका प्रसंगाभोवती फिरतं. मी पुणे विद्यापीठाच्या एका कॉलेजात शिकलो, त्यामुळे शब्द पुण्याचे आहेत. आमच्याकडे विषय राहिला की 'बॅक', मुंबईत 'केटी'. स्वायत्त कॉलेजांचे नियम वेगळे असतात, पण लॅबमधली गंमत सगळीकडे सारखीच.

पायरी पहिली : कॉलेज सुरू होण्याआधी

लॅपटॉप घेताना दुकानदार गेमिंगचा गळ्यात मारायला बघेल. अडीच-तीन किलोचं धूड आणि त्याचा विटेएवढा चार्जर रोज पीएमपी बसच्या गर्दीतून न्यायचाय हे लक्षात ठेवा. रॅम 16 जीबी मिळाली तर उत्तम. 8 असेल तर पुढे वाढवता येते का ते विचारून घ्या, कारण काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते. एसएसडी (फाइली साठवायची वेगवान डिस्क) हवीच, 512 जीबी पुरते. ग्राफिक्स कार्डाची गरज पहिली दोन वर्षं तरी पडत नाही. आणि लगेच लॅपटॉप घेणं जमत नसेल तर जीव टांगणीला लावू नका. पहिलं वर्ष लॅबच्या मशीनवर निघतं. आमच्या वर्गात एका मुलीने दोन वर्षं लॅबमध्ये बसून काढली आणि टायपिंग तिचंच सगळ्यांत स्वच्छ होतं.

टायपिंगवरून आठवलं, सुट्टीत एक गोष्ट कराच. कीबोर्डकडे न बघता टाइप करायला शिका. रोज वीस मिनिटं, महिनाभर. महिरपी कंस, सेमीकोलन, अंडरस्कोअर यांच्या जागा बोटांना कळायला हव्यात. हे कुणी शिकवत नाही आणि पुढची चार वर्षं रोज उपयोगी पडतं.

बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी थोडकं : कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका कॉटचं भाडं देऊन) राहणार असाल तर डिपॉझिटची पावती घ्या, खोलीत प्रत्येकाला स्वतंत्र प्लग पॉइंट आहे का पाहा, आणि वायफाय 'आहे' म्हणतात ते रात्री दहानंतरही आहे का ते तिथे राहणाऱ्या मुलांना विचारा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म आमच्या वेळी दरवर्षी नव्याने भरावा लागायचा. उत्पन्नाचा दाखला वडिलांना जूनमध्येच काढायला सांगा, नंतर तहसीलला रांगा लागतात.

पायरी दुसरी : पहिल्या महिन्यात लिनक्सशी ओळख

आमच्या लॅबमधल्या मशीनवर विंडोजऐवजी उबंटू, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार, होतं. काळा टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) बघून पहिल्या दिवशी अर्धा वर्ग गांगरला. फोल्डर बदलणं, फाइल बघणं, कॉपी करणं, प्रोग्राम कंपाइल करून (मशीनला कळेल अशा रूपात बदलून) चालवणं, एवढ्या सात-आठ कमांड येऊ लागल्या की भीती जाते. स्वतःच्या लॅपटॉपवर दोन्ही सिस्टिम टाकायच्या असतील तर आधी सगळा डेटा दुसरीकडे काढून घ्या. पार्टिशन करताना (डिस्कचे भाग पाडताना) चुकीच्या ड्राइव्हवर टिक झाली आणि बहिणीच्या लग्नाचे फोटो गेले, असा एक रूममेट प्रत्येक फ्लॅटमध्ये असतो. सुरुवातीला विंडोजमध्येच व्हर्च्युअल मशीन (एका सिस्टिमच्या आत चालणारी दुसरी सिस्टिम) टाकून शिकलात तरी चालतं.

इंग्रजीचं दडपण असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प पाहा. लिनक्स, सी, पायथन अशा विषयांवर साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ आहेत आणि त्यातले बरेच मराठीतही आहेत. बाजूला व्हिडिओ लावायचा आणि शेजारच्या खिडकीत तेच स्वतः करायचं, अशीच त्यांची रचना आहे. मी मराठी माध्यमातून आलो होतो. 'पॉइंटर' मला वर्गात तीन वेळा ऐकून कळला नव्हता. घरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी आणि प्रत्यक्ष घर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मनात मराठीत म्हटलं तेव्हा कळला. संकल्पना आधी आपल्या भाषेत बसवा, पेपरात इंग्रजी वाक्य लिहिणं नंतर जमतं.

पायरी तिसरी : दोन तासांचा स्लॉट

वर्गाचे तीन-चार बॅच पाडतात, प्रत्येक बॅचला आठवड्यातून ठरावीक दोन तासांची लॅब. वेळापत्रकात हा चौकोन लेक्चरसारखाच दिसतो, म्हणून मुलं तो लेक्चरसारखाच वापरतात : हजेरी लागली की कँटीन. माझ्या मते अख्ख्या आठवड्यात खरं शिकण्याची जागा हीच आहे. चुकलेला प्रोग्राम समोर आहे, शेजारी तोच प्रोग्राम वेगळ्या तऱ्हेने चुकवलेला मित्र आहे, आणि विचारायला मागे सर उभे आहेत. हा योग पुन्हा जुळत नाही.

लॅबला जाण्याआधी असाइनमेंटचं नुसतं विधान वाचून जा. कागदावर इनपुट काय, आउटपुट काय एवढं लिहा. आयता कोड घेऊन गेलात तर पंधरा मिनिटांत सही मिळते आणि उरलेला पावणेदोन तास रील बघण्यात जातो. कोरे गेलात तर दोन तासांत अर्धाच प्रोग्राम होतो, पण तो तुमचा असतो.

आता एरर. नवीन मुलं एररचा लाल ढीग बघून सगळ्यात खालची ओळ वाचतात, कारण स्क्रीनवर तीच दिसत असते. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये वर स्क्रोल करा आणि फक्त पहिली एरर वाचा. बारा नंबरच्या ओळीत सेमीकोलन राहिला की खालच्या धडधाकट ओळीही कंपायलरला वेड्यावाकड्या दिसायला लागतात. पहिली दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा, सतरातल्या पंधरा बहुतेक आपोआप जातात. पायथनमध्ये मात्र उलटं, तिथे कामाची ओळ सगळ्यात शेवटी असते. आणि एररमध्ये तेरा नंबरची ओळ सांगितली असेल तर बारावीही बघा, सेमीकोलन बहुधा तिथलाच पळालेला असतो.

वॉर्निंगकडेही लक्ष द्या. कंपाइल करताना 'वॉल' (-Wall) हा पर्याय लावला की कंपायलर नको तितका कटकट्या होतो, पण फायद्याचा. सीमध्ये स्कॅनएफला (इनपुट वाचणाऱ्या फंक्शनला) व्हेरिएबलच्या आधीचं अँपरसँड (&) विसरलात तर प्रोग्राम कंपाइल होतो, चालतो आणि आकडा टाकल्याबरोबर आडवा होतो. कंपायलरने आधीच सांगितलेलं असतं, आपण वाचलेलं नसतं.

पायरी चौथी : डेटा स्ट्रक्चर कागदावर करा

दुसऱ्या वर्षाला मुलं दोन गटांत विभागली जातात, आणि डेटा स्ट्रक्चर, म्हणजे मेमरीत माहिती मांडायच्या पद्धती, हा विषय ती विभागणी करतो. लिंक्ड लिस्टपासून सुरुवात होते. प्रत्येक घरात एक आकडा आणि पुढच्या घराचा पत्ता, एवढीच कल्पना. मधे नवीन घर घालायचं असेल तर दोनच ओळी लिहायच्या असतात :

नवीन -> पुढचा = आधीचा -> पुढचा

आधीचा -> पुढचा = नवीन

या दोन ओळींची अदलाबदल करून बघा. आधी 'आधीचा'ला नवीनचा पत्ता दिलात, तर पलीकडच्या घराचा पत्ता पुसला गेला. मग दुसऱ्या ओळीत 'नवीन'ला जो पत्ता मिळतो तो त्याचा स्वतःचाच! लिस्ट छापायला गेलात की एकच आकडा स्क्रीनवर धो धो वाहत राहतो, कंट्रोल सी दाबेपर्यंत. पलीकडची घरं मेमरीत असतात, पण तिथे जायचा रस्ता कुणालाच ठाऊक नसतो.

मी ही चूक केली तेव्हा पाऊण तास कोडकडे बघत बसलो. शेवटी लॅब असिस्टंटनी मागच्या पानावर चार चौकोन काढले, माझ्या हातात पेन दिलं आणि म्हणाले, "एकेक ओळ वाच आणि बाण काढ. खोडायचा बाण खोड." तिसऱ्या बाणालाच चूक दिसली. तेव्हापासून रफ वहीशिवाय मी लॅबला गेलो नाही. स्टॅक, क्यू, ट्री सगळं चौकोन आणि बाणच आहेत. रिकर्शनही (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) असंच : 4 चं फॅक्टोरियल कागदावर एकाखाली एक चार चौकटी काढून सोडवा, प्रत्येक चौकटीत एन किती ते लिहा, मग वर येताना गुणाकार करा.

त्याच विषयात बिग ओ येतं, म्हणजे यादी वाढली की काम किती वाढतं याचं माप. त्याची व्याख्या पाठ करून काही होत नाही, आकडे घालून पाहा. क्रमाने लावलेल्या 10 लाख नावांत एक नाव शोधायचंय. एकेक बघत गेलात तर वाईटात वाईट 10 लाख तुलना. दरवेळी मधलं नाव बघून अर्धी यादी टाकून दिली तर 20 तुलनांत काम संपतं, कारण 2 चा 20 वा घात 1048576 आहे. यादी दुप्पट करा, 20 च्या 21 होतात. हा फरक एकदा पोटात गेला की बाकीचं सोपं जातं.

पायरी पाचवी : थिअरीचे विषय फ्लॅटवर शोधा

थिअरी रुक्ष वाटते कारण उदाहरणं परकी असतात. ऑपरेटिंग सिस्टिममधलं डेडलॉक मला आमच्या फ्लॅटवर कळलं. सकाळी एकाने बादली पकडलेली, दुसऱ्याने अंघोळीचा मग. पहिला म्हणतो मग दे, दुसरा म्हणतो बादली दे, सोडायला कुणीच तयार नाही. वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते, हातातली धरून दुसरीची वाट बघायची, हिसकावून घ्यायची नाही, आणि वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ झालेलं. पुस्तकातल्या चारही अटी बाथरूमच्या दारात पूर्ण. उपायही तिथलाच : आधी बादली, मगच मग, हा क्रम सगळ्यांनी पाळला की वर्तुळ होतच नाही.

डीबीएमएसमधलं (डेटाबेसच्या विषयातलं) नॉर्मलायझेशन कळायला मेसची वही पुरते. मावशी प्रत्येक डब्याच्या नोंदीत मुलाचं नाव, फोन, खोली सगळं पुन्हा लिहितात. मुलाने नंबर बदलला तर साठ ठिकाणी खोडाखोड, आणि एक ठिकाण राहिलं की खरा नंबर कोणता हेच कळत नाही. म्हणून मुलांचं टेबल वेगळं, डब्यांचं वेगळं, दोघांत फक्त मुलाचा क्रमांक सामाईक. टेबलांत माहिती मांडायचं हे रिलेशनल मॉडेल एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलं. मशीन बदलली, भाषा बदलल्या, पण बँकेपासून रेल्वेपर्यंत ही मांडणी अजून चालू आहे. तेव्हा एसक्यूएल, म्हणजे या टेबलांतून माहिती काढायची भाषा, मनापासून शिका. चार वर्षांत शिकलेल्यापैकी नोकरीत सगळ्यात आधी मला तेच लागलं.

थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनबद्दल सीनियर घाबरवतील. त्यात फारसं पाठांतर नसल्यामुळे सराव केला तर मार्क त्यातच पडतात. मॅथ्स थ्रीला मात्र माझ्याकडे उपाय नाही, गणितं सोडवायची, एवढंच.

पायरी सहावी : सबमिशनचा आठवडा

सेमिस्टरच्या शेवटी एक आठवडा असा येतो की कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याला जेवायला सवड नसते. राइटअप, प्रिंटआउट, इंडेक्सवर तारखा, प्रत्येक असाइनमेंटवर सही. एका रात्रीत ऐंशी पानं हाताने उतरवणारी मुलं मी पाहिली आहेत, मीही त्यांतला. या लिखाणाने कुणी काही शिकतं असं मला आजही वाटत नाही. पण सही त्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही. दर आठवड्याला लॅब झाली की त्याच रात्री राइटअप लिहा आणि पुढच्या स्लॉटला सही घ्या. सर तेव्हा निवांत असतात, दोन प्रश्न विचारतात आणि ओरलची तयारी फुकटात होते. शेवटच्या आठवड्यात त्याच सरांच्या केबिनबाहेर साठ मुलांची रांग असते.

हजेरी 75 टक्क्यांखाली गेली की डिफॉल्टर लिस्ट लागते. घरी फोन जातो, जास्तीच्या असाइनमेंट मिळतात, आणि त्याही हातानेच लिहायच्या असतात. आजारी पडलात तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट बरं झाल्याबरोबर द्या, महिन्याने नव्हे.

पायरी सातवी : ओरल आणि पेपर

ओरलला एक्स्टर्नल दुसऱ्या कॉलेजातून येतात, तुम्हाला ओळखत नाहीत. त्यांच्या हातात पाच-दहा मिनिटं असतात. बहुतेक जण तुमच्याच कोडमधल्या एका ओळीवर बोट ठेवतात : "ही काढली तर काय होईल?" याचं उत्तर कोणत्याही गाइडमध्ये नसतं. म्हणून घरी प्रत्येक प्रोग्रामला हाच प्रश्न आपणच विचारा. ओळ काढा, चालवा, काय मोडतं ते बघा. इनपुटला शून्य द्या, उणे संख्या द्या, एकच घटक असलेली यादी द्या, आणि हो, 13 द्या.

एआयकडून कोड लिहून घेण्याबद्दल सगळे विचारतात. मी वापरू नका म्हणणार नाही, कारण कुणी ऐकणार नाही. मात्र क्रम उलटा ठेवा. आधी स्वतः लिहा, अडलात तर एरर दाखवून 'चूक सांगू नकोस, मी काय तपासू ते सांग' असं विचारा. प्रोग्राम पूर्ण झाल्यावर त्यालाच एक्स्टर्नल करा आणि दहा प्रश्न विचारायला लावा. आयता कोड आणि पेनड्राइव्हवरचा कोड यांत ओरलच्या टेबलावर काहीच फरक नसतो. उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, पण मला असं वाटतं" म्हणून तर्क सांगा, आणि इंग्रजी अडखळलं तर मराठीत सांगू का असं विचारा. मला कुणी नाही म्हटलं नाही.

पेपरचं थोडक्यात. आमच्या 2019 च्या पॅटर्नला पहिल्या दोन युनिटवर 30 मार्कांची इनसेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) आणि उरलेल्या चारवर 70 ची एंडसेम (शेवटची) असायची. आता पॅटर्न बदललाय, तेव्हा सीनियरच्या ऐकीव माहितीवर न जाता तुमच्या वर्षाचा सिलॅबस विद्यापीठाच्या साइटवरून उतरवून घ्या. मागच्या पाच-सहा पेपरांतले प्रश्न युनिटप्रमाणे मांडले की कोणता विषय घोळवून घोळवून विचारतात ते दिसतं. इनसेम 'छोटी परीक्षा' म्हणून सोडून देणारे एंडसेमला हिशोब करत बसतात. आणि बॅक लागलीच तर घरी त्याच दिवशी सांगा, पेपर चांगला गेला होता असं खात्रीने वाटत असेल तर उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी मुदतीत अर्ज करा.

पायरी आठवी : प्रोजेक्ट

चौघांच्या ग्रुपमध्ये एक कोड लिहितो, एक रिपोर्ट लिहितो, एक पीपीटी करतो आणि एक ट्रीट देतो. निदान सुरुवातीला तरी कामं कागदावर वाटून घ्या. गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, दुसऱ्या वर्षातच शिका. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये ते लिनक्सच्या कामासाठी लिहिलं, आपल्याला ते 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' अशा फोल्डरांच्या जंजाळातून सोडवतं. रोज झालेलं काम कमिट करा (गिटमध्ये नोंदवा) आणि संदेशात काय बदललं ते एका ओळीत लिहा. प्रोजेक्टच्या गाइड सरांनी "यात तुझं काय?" विचारलं तर दाखवायला तारीखवार नोंद तयार असते. प्लेसमेंटच्या वेळी तिसऱ्या वर्षापासून जमवलेलं हेच भांडार कामी येतं. बऱ्याच कंपन्या 60 टक्के आणि बॅक नसण्याची अट घालतात, मग ॲप्टिट्यूड, कोडिंग टेस्ट, मुलाखत. मुलाखतीतही बोट तुमच्याच एखाद्या ओळीवर पडतं.

विषय निवडताना मोठं नाव शोधू नका. आमच्या शेजारच्या ग्रुपने ब्लॉकचेन घेतलं आणि वर्षभर नुसती पीपीटी केली. दुसऱ्या एका ग्रुपने गावच्या दूध डेअरीचा हिशोब ठेवणारं साधं ॲप केलं, फॅट आणि लिटर टाकला की दर निघायचा, दहा दिवसांचं बिल छापायचं. एक्स्टर्नलनी त्यांना अर्धा तास सोडलं नाही, कारण विचारण्यासारखं खूप होतं.

डेमोच्या दिवशी कॉलेजच्या वायफायवर विसंबू नका, दोघांच्या मोबाइलमध्ये डेटा हवा. डेटाबेसची प्रत लॅपटॉपवर ठेवा. आदल्या रात्री कोडमध्ये काहीही 'सुधारू' नका. प्रोजेक्ट नीट चालत असताना स्क्रीनचा तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो पेनड्राइव्ह ट्रीट देणाऱ्याकडे देऊ नका.